विडीवरील करकपात आणि स्त्रियांचा हिशेब

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्त्रियांच्या धूम्रपानाचा विषय वृत्तपत्रांत निघाला की चर्चा बहुतेक वेळा संस्कृतीवर येऊन थांबते. मुलीने सिगारेट ओढावी का, ओढली तर तो तिच्या स्वातंत्र्याचा भाग मानावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले जाते आणि पैशाचा प्रश्न मागे राहतो. धुरावर खर्च कोण करते, त्यातून कमाई कोणाची होते आणि दुखणे आल्यावर दवाखान्याचे बिल कोण भागवते, हे पाहू लागले तर या व्यवहारात स्त्री जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भेटते. नफ्याच्या ठिकाणी मात्र ती दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ठरलेल्या विड्यांवरील करकपातीच्या समर्थनार्थ विडी कामगारांच्या, त्यातही स्त्रियांच्या, रोजगाराचे कारण दिले जात असल्यामुळे हा हिशेब आता मांडणे मला गरजेचे वाटते. सोलापूरच्या पूर्व भागात मी अनेक वर्षे शिक्षिका होते. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या आया विड्या वळत असत आणि शाळा सुटल्यावर मुलीही त्यांच्या शेजारी पाने कातरायला बसत, त्यामुळे या विषयाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही.

प्रथम धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांविषयी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १९ टक्के आणि स्त्रियांपैकी २ टक्के धूम्रपान करतात. महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे ६ आणि १.४ टक्के आहे. म्हणजे आपल्या राज्यात शंभर स्त्रियांमागे धूम्रपान करणाऱ्या दोनही भरत नाहीत. देशभरातल्या या २ टक्क्यांत शहरातल्या कमावत्या तरुणी आहेत, तशा रानावनात आणि खेड्यापाड्यांत विडी ओढणाऱ्या वयस्क कष्टकरी बायकाही आहेत, आणि आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे, म्हणजे जाड देशी चिरूटाचे, पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या म्हाताऱ्याही आहेत. वर्तमानपत्रांतील चर्चा पहिल्या गटाची होते. गरीब बाईच्या विडीवर कोणी अग्रलेख लिहीत नाही, परंतु तिची हानी मोठी आहे. डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी मृत्यू-अभ्यास असे सांगतो की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होते, तर विडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांनी. ज्या घरात म्हातारी नातवंडे सांभाळते म्हणून सून मजुरीला जाऊ शकते, त्या घरात या आठ वर्षांची किंमत रुपयांत सहज मोजता येईल. ती मोजण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा तंबाखू मुख्यतः धुराचा नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर १.४ टक्के हा आकडा खोटे समाधान देईल. त्याच सर्वेक्षणात राज्यातील १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले होते. दातांना लावायची मिश्री हा त्याचा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. साधा तंबाखू आणून तो घरच्या तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटून पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी दात घासण्यापासून सुरुवात होते आणि काही वर्षांत दिवसातून चार-पाच वेळा डबी उघडली जाते. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. घरी भाजलेल्या मिश्रीला ना वेष्टन, ना त्यावर कर्करोगाचे चित्र, ना छापील किंमत. सरकारच्या तंबाखूविरोधी धोरणाची जवळजवळ सर्व साधने दुकानातल्या पाकिटासाठी घडवलेली असल्यामुळे या डबीपर्यंत त्यांतले एकही पोहोचत नाही.

आता ज्या स्त्रिया कधीच विडी-सिगारेट ओढत नाहीत त्यांच्याकडे वळते, कारण हिशेबाचा मोठा भाग तिथेच आहे. दुसऱ्याच्या धुरामुळे होणाऱ्या आजारांवर भारतात दरवर्षी किती खर्च होतो याचा अंदाज अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांनी बांधला आहे. तो सुमारे ५६,७०० कोटी रुपये आहे, म्हणजे धूम्रपान न करणाऱ्या प्रत्येक प्रौढामागे वर्षाला ७०५ रुपये. यातला ७१ टक्के भार स्त्रियांवर पडतो. गुणाकार केला तर ही रक्कम ४० हजार कोटींच्या घरात जाते. असे का होते हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली आणि तिचा उपयोग झाला, परंतु एका खोलीच्या घरात तो कायदा शिरत नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सहन करावा लागतो असे सांगितले होते. पुरुष दिवसाचा मोठा वेळ घराबाहेर असतो. बाई त्याच खोलीत स्वयंपाक करते, त्याच खोलीत लेकराला झोपवते आणि विडी वळणारी असेल तर त्याच खोलीत तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन बसते.

तंबाखूजन्य आजारांमुळे देशाचे होणारे एकूण आर्थिक नुकसान २०१७-१८ साठी १,७७,३४१ कोटी रुपये काढण्यात आले होते आणि त्यातला ९१ टक्के वाटा पुरुषांच्या आजारांचा होता. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की नुकसान पुरुषांचेच आहे. पण अशा गणनेत आजार ज्याचा, खर्च त्याच्या नावावर लागतो. सोलापूर, लातूर किंवा जळगावहून तोंडाच्या नाहीतर फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात नेला जातो, तेव्हा त्याच्या सोबत महिनोन्‌महिने कोण राहते? ज्या दिवशी ती निघते त्या दिवशी तिची मजुरी थांबते, गळ्यातले सोने गहाण पडते, आणि मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्यांचा स्वयंपाक पाहू लागते. अशी मुलगी वर्गातून नाहीशी झाली की हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'गैरहजर' एवढेच लिहिले जात असे. त्या गैरहजेरीचे कारण बापाची विडी आहे असे कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही.

आजार येण्याच्या कितीतरी आधीपासून घरातल्या पैशाची वाटणी बिघडलेली असते. भारतातील कुटुंबांच्या खर्चाच्या अभ्यासातून असे दिसले आहे की ज्या घरात तंबाखूवर पैसे जातात तिथे दूध, शिक्षण आणि स्वच्छ इंधन यांवरचा खर्च कमी होतो. तंबाखूची खरेदी आणि त्यातून उद्भवणारा औषधपाण्याचा खर्च वजा केला तर सुमारे दीड कोटी लोक दारिद्र्यरेषेखाली जातात, असाही एक हिशेब २०११ मध्ये मांडला गेला होता. आपल्या राज्यात जुलै २०२४ पासून पात्र बहिणींना महिन्याला १,५०० रुपये देण्याची योजना आहे. घरातला पुरुष रोज २५ रुपयांच्या विड्या ओढत असेल तर महिन्याला ७५० रुपये त्यात जातात. म्हणजे सरकारने बाईच्या हातात ठेवलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम त्याच घरातून धुरावाटे बाहेर पडते. त्या घरात दूध किती घ्यायचे हे ती ठरवते असे आपण म्हणतो, परंतु विडीसाठी किती ठेवायचे हे बहुतेक घरांत तिला कोणी विचारलेले नसते.

सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाकडे मी या पार्श्वभूमीवर पाहते. वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबरच्या बैठकीत सिगारेट, गुटखा आणि खाण्याच्या तंबाखूला ४० टक्क्यांच्या वर्गात टाकायचे ठरवले, विड्यांवरचा कर मात्र २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले आणि तेंदूपानांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर. विडी हा गरिबांचा घरगुती उद्योग आहे, त्यावर लाखो स्त्रियांची चूल पेटते, म्हणून ही सवलत, असे सांगितले जाते. चूल पेटते हे खरे आहे आणि मी ते नाकारणार नाही. देशात नोंदलेले विडी कामगार ५० लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. सोलापुरात तर पूर्व भागातल्या पद्मशाली आणि इतर विणकर कुटुंबांत यंत्रमागावरची पुरुषांची मजुरी अनेकदा बंद पडली, तेव्हा घर चालले ते बायकांच्या विड्यांवर. सिन्नर, संगमनेर, अहिल्यानगर, कामठी, गोंदिया आणि सीमेपलीकडच्या निपाणीतही हेच चित्र राहिले आहे.

पण सवलत त्या बाईपर्यंत पोहोचते का? एक साधा हिशेब करून पाहू. समजा २५ विड्यांचे बंडल करासकट २० रुपयांना विकले जाते. हजार विड्यांची ४० बंडले होतात, म्हणजे ८०० रुपये. कर २८ टक्के असताना यातले १७५ रुपये सरकारचे आणि ६२५ रुपये कारखानदार, वाहतूकदार, दुकानदार व कामगार या सगळ्यांचे मिळून. कर १८ टक्के झाला की तीच किंमत ७३७ रुपये ५० पैसे भरते. हजार विड्यांमागे सरकारने साडेबासष्ट रुपये सोडले. हे पैसे दोनच ठिकाणी जाऊ शकतात. किंमत उतरली तर ते विडी ओढणाऱ्याच्या खिशात राहतील आणि विडी आणखी स्वस्त होईल; किंमत तीच राहिली तर ते विकणाऱ्याच्या नफ्यात जमा होतील. विडी वळणारीला हजारी मजुरी, म्हणजे हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी, मिळते. कर कमी झाला म्हणून हजारी दर वाढवण्याचे कोणतेही बंधन या निर्णयात नाही. हजार विड्या वळायला तिचा अख्खा दिवस जातो. पाने आदल्या रात्री भिजवायची, साच्यावर ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी माल घेऊन ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या माल घेणाऱ्या केंद्रावर, रांगेत उभे राहायचे. तिथे तपासनीस काही विड्या छाट म्हणून बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे तिला मिळत नाहीत. या साखळीत साडेबासष्ट रुपयांवर सगळ्यात मोठा हक्क कोणाचा होता, हे परिषदेतल्या एकाही राज्याच्या अर्थमंत्र्याने विचारले असते तर मला बरे वाटले असते.

विडी स्वस्त झाली तर खप वाढेल आणि बायकांना जास्त काम मिळेल, असे यावर उत्तर दिले जाईल. त्यात थोडे तथ्य आहे. वर्षातले काही दिवस माल न मिळाल्यामुळे त्यांना बसून राहावे लागते आणि ते दिवस कदाचित कमी होतील. परंतु जास्त वळलेल्या विड्या ओढणार कोण, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. त्या ओढल्या जातील बांधकामावर, हमालीच्या धक्क्यावर आणि त्याच वस्त्यांत, आणि त्यांची दुखणी परत त्याच बायकांच्या पदरात येतील. रिजो जॉन यांच्याच एका अभ्यासानुसार विडीमुळे होणाऱ्या आजारांचे व मृत्यूंचे आर्थिक ओझे २०१७ साली ८०,५५० कोटी रुपये होते, आणि २०१६-१७ मध्ये विडीवरच्या उत्पादन शुल्कातून सरकारला मिळाले होते ४१७ कोटी. २८ टक्के दराने विडीच्या किरकोळ किमतीत कराचा वाटा सुमारे २२ टक्के होता. १८ टक्क्यांच्या दराने तो १५ टक्क्यांच्या जवळ येतो. जागतिक आरोग्य संघटना तंबाखूच्या किमतीत ७५ टक्के वाटा कराचा असावा असे सुचवते. आपण कमी होतो आणि आता आणखी खाली चाललो आहोत, तेही स्त्रियांचे नाव घेऊन, याचे मला फार वाईट वाटते.

पूर्वी निदान एक धागा कर आणि कामगार यांना जोडणारा होता. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर घेऊन कल्याण निधी उभारला होता. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरासाठी अनुदान मिळत असे. आमच्या शाळेतल्या मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही शिक्षकच भरून देत असू, आणि रक्कम लहान असली तरी ती आईच्या कामाच्या नावाने येते याचा त्या मुलींना अभिमान असे. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये तो उपकर बंद झाला. विकल्या गेलेल्या प्रत्येक विडीतून वळणारीसाठी काही बाजूला पडेल ही व्यवस्था त्याबरोबर संपली आणि कल्याणाचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकातील तरतुदीवर अवलंबून राहिला. विडी कामगार स्त्रियांसाठी मोठे काम करता येते हे सोलापूरने दाखवले आहे. सोलापूरजवळ कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये याच बायकांना मिळाली. केंद्र, राज्य आणि कामगारांचा स्वतःचा वाटा एकत्र करून जे घरांच्या बाबतीत झाले ते दुसऱ्या रोजगाराच्या बाबतीत अशक्य आहे असे मी मानत नाही. शालेय गणवेशाची शिलाई, टॉवेलची किनार शिवणे, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे उद्योग या शहरात आहेत आणि त्यांत स्त्रिया आहेत. त्यांना लागते ते शिकण्याच्या काळातले पोट भरण्याचे साधन, कारण विडीचे सूप आज खाली ठेवले तर उद्याची भाजी कुठून आणायची, हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षण वर्गाच्या पहिल्याच दिवशी समोर येतो. विडी वळणे सोडू पाहणाऱ्या बाईला सहा महिने विद्यावेतन देण्याची सोय नसेल तर प्रशिक्षणाच्या घोषणा तिच्या उपयोगाच्या नाहीत.

कमावत्या तरुणींच्या सिगारेटकडे मी दुर्लक्ष करते आहे असे कोणी समजू नये. तिथला अर्थव्यवहार वेगळा आहे. १९ टक्के पुरुष आणि २ टक्के स्त्रिया हा फरक आरोग्य खात्याला समाधानाचा वाटतो. सिगारेट विकणाऱ्याला तो अजून न जिंकलेला बाजार वाटतो. अमेरिकेत हे घडून गेले आहे. तिथल्या एका सिगारेट कंपनीसाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना उघडपणे सिगारेट पेटवायला लावल्या आणि त्यांना स्वातंत्र्याच्या मशाली म्हणवले. १९६८ मध्ये खास स्त्रियांसाठी बारीक सिगारेट बाजारात आली आणि तिची जाहिरात स्त्रीमुक्तीच्या भाषेत झाली. १९८७ पर्यंत तिथे स्त्रियांच्या कर्करोगमृत्यूंत फुप्फुसाचा कर्करोग स्तनाच्या कर्करोगाच्या पुढे गेला होता. विक्री आणि आजार यांच्यात अशी वीस-तीस वर्षे जातात, आणि तोवर नफा वाटून झालेला असतो. आपल्याकडच्या मुलीला वडीलधाऱ्यांनी चारित्र्यावरून बोलणे हे या विक्रेत्यांच्या पथ्यावरच पडते, कारण त्यामुळे सिगारेट बंडाची खूण होऊन बसते. तिच्या पगारातून दरमहा किती जातात आणि ते कोणाच्या ताळेबंदात जमा होतात, हे तिला सांगणे अधिक आदराचे होईल.

राज्य सरकारच्या हातात काही गोष्टी आजही आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या विड्या आणि सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली होती. ती बंदी पानटपऱ्यांवर दिसत नाही. सुटी सिगारेट मिळते म्हणून विद्यार्थिनीला आणि विद्यार्थ्यालाही पहिली सिगारेट परवडते. विडीवरचा दर मात्र परिषदेत ठरतो आणि तिथे महाराष्ट्राला जागा आहे. आपल्या अर्थमंत्र्यांनी तिथे विडीचा दर इतर तंबाखूच्या बरोबरीने ठेवण्याची मागणी करावी, आणि त्यातून वाढणाऱ्या महसुलाचा ठरावीक भाग विडी कामगार स्त्रियांची हजारी मजुरी, भविष्य निर्वाह निधी व दुसरे काम शिकण्याच्या काळातील विद्यावेतन यांसाठी कायद्याने बांधून घ्यावा. हे होणार नसेल आणि सवलत कायमच राहणार असेल, तर निदान कारखानदारांनी हजारी दरात किती वाढ केली याची ब्रँचनिहाय माहिती कामगार आयुक्तांनी मागवून जाहीर करावी. ती माहिती हाती आली की करकपात कोणासाठी झाली याविषयी वाद घालावा लागणार नाही. आपल्या वृत्तपत्राच्या सोलापूर, सिन्नर आणि गोंदियाच्या वार्ताहरांनी तोवर मजुरी वाटपाच्या दिवशी ब्रँचच्या दारात उभे राहून त्या बायकांनाच विचारावे, अशी माझी आपणास विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर